मिरजेहून परत आलेली

महानंदाला ती गाठ पहिल्यांदा लागली लिंगपूजेच्या वेळी. सकाळी अंघोळ करून ती गळ्यातल्या शिवदाऱ्याची, लिंग ठेवलेली चांदीची डबी सोडत होती. डबीखाली, डाव्या स्तनाच्या वरच्या अंगाला, बोटाला काहीतरी टणक लागलं. हरभऱ्याएवढं. दाबलं तर दुखेना. तिनं लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि चुलीपुढं जाऊन बसली. लेकरू अंगावर पीत होतं. दुधाचंच काहीतरी असेल असं तिला वाटलं.

साल एकोणीसशे पंचेचाळीस, पावसाळा सरत आलेला. तेरणेच्या काठी, माकणीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर त्यांचं गाव. नवरा शांतलिंग खण-लुगड्यांचा व्यापार करायचा. गाडीत गठ्ठे घालून लोहाऱ्याचा, माकणीचा असे आठवडी बाजार फिरायचा. घरात त्याची आई इरम्मा होती, लहान वयात नवरा गेल्यामुळं माहेरीच राहिलेली थोरली बहीण लक्ष्मम्मा होती, आणि महानंदाची दोन लेकरं. नीला सहा वर्षांची, आणि भीमाशंकर अजून रांगणारा. महानंदा स्वतः पंचविशीतली. तिचं माहेर अक्कलकोटकडं, निजामाच्या हद्दीबाहेर. घरात ती मराठी बोलायची, पण लेकराला थोपटताना कानडीच तोंडात यायचं.

दिवाळीपर्यंत गाठ सुपारीएवढी झाली. भीमाशंकर डावीकडं तोंड लावीना. लावलं की रडून मान फिरवायचा. तेव्हा तिनं सासूला सांगितलं.

"दूध गोठलंय," इरम्मा म्हणाली. "एरंडाचं पान ऊन करून बांध."

पानं बांधून झाली. तेल लावून चोळून झालं. त्या चोळण्यानं मात्र दुखायला लागलं. लोहाऱ्याच्या हकिमानं काळा लेप दिला, त्यानं कातडी भाजली, गाठ तशीच राहिली. पुढं वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आणि आत ओढली जायला लागली. महानंदानं ते कुणाला दाखवलं नाही. पदर घट्ट लपेटून ती कामं करत राहिली.

पण बाळ पीत नाही ही गोष्ट घरात लपत नव्हती. शेजारच्या बायका विचारायला लागल्या. एका सकाळी इरम्मानं बाळ तिच्या मांडीवरून उचललं.

"तुझं दूध नासलंय. लेकराला घालवशील. आजपासून शेळीचं पाजते."

"आत्याबाई, उजवीकडचं चांगलं हाय. पितोय की तो."

"एका अंगातलं रक्त येगळं असतंय व्हय?"

बाळ माजघरात रडायचं आणि इकडं तिची चोळी भिजायची. मग ती परसात जाऊन भिंतीच्या बुडाशी दूध पिळून टाकायची. एकदा लक्ष्मम्मा तिथं आली. तिनं भिंतीवरचा ओला डाग पाहिला, मग भावजयीची उघडी छाती पाहिली.

"हे दूध न्हाय महानंदा," ती म्हणाली. "शांतलिंगाला सांगते म्या."

संक्रांत झाल्यावर शांतलिंगनं गाडी जुंपली आणि दोघींना धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर हैदराबादकडचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी लक्ष्मम्माला पडद्याआड जवळ उभं केलं आणि नजर बाजूला ठेवून दोन बोटांनी गाठ चाचपली. काखेतही हात घातला. मग बाहेर येऊन शांतलिंगला म्हणाले, "ये दूध की गाठ नहीं है. मेरे हाथ का काम नहीं. मिरज ले जाओ, वहाँ मिशन का बड़ा दवाखाना है. आज जाओ, नहीं तो कल जाओ. मगर परसों पर मत टालो."

शांतलिंग वाईट माणूस नव्हता. बाजारात कापड फाडताना हात जरा सैल सोडणारा, आईपुढं मान वर न करणारा, साधा माणूस. पण दवाखाना म्हणजे परमुलूख आणि कापाकापी, एवढंच त्याला कळलं. आईला न विचारता तो जायला तयार होईना. लक्ष्मम्मानंच त्याला दवाखान्याच्या पायरीवर ऐकवलं, "आईला इचारायला परत गेलास तर पुन्ना हितवर यायचा न्हाईस. म्या जाते तिच्यासंगं. तू नुसतं गाडीत बसवून दे."

निरोप धाडून कपडे मागवले, आणि तिसऱ्या दिवशी ते येडशीच्या स्टेशनात बसले होते. बार्शीची छोटी गाडी यायला अवकाश होता. रामलिंगाच्या डोंगराकडून गार वारा सुटला होता. महानंदा नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "एक सांगू का?"

"सांग की."

"म्या न्हाय परत आले, तर माझ्या मल्लीला करून घ्या. परकी बाई लेकरावर आणू नका."

मल्लम्मा तिची धाकटी बहीण. सोळा वर्षांची.

"काय बोलतीस!"

"शबूद द्या."

शांतलिंगनं इकडंतिकडं पाहिलं. बहीण पाठमोरी बसली होती, पण ऐकत होती. त्यानं महानंदाच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. गाडी आल्यावर मात्र तोही त्यांच्याबरोबर चढला.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीण गोरी होती आणि नर्स तिकडच्याच गावातली ख्रिस्ती बाई. तिनं नीट समजावून सांगितलं. सगळा स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. महानंदानं मान हलवली. मग नर्स म्हणाली, "अंगावर काही ठेवता येणार नाही. गळ्यातली ती डबीपण काढायची."

तेव्हा महानंदा खाटेवरून उठून उभी राहिली.

"ते मेल्यावरबी निघत न्हाय. आमच्यात लिंग अंगावेगळं झालं की माणूस ऱ्हात न्हाय. कापू नका, असंच मरू द्या."

नर्स तिला समजावून दमली. शांतलिंग बाहेर ओसरीवर उकिडवा बसून राहिला. शेवटी लक्ष्मम्मानं विचारलं, "बाई, तुमी छाती कापणार न्हवं? मग उजव्या हाताचं काय काम? तळहातात बांधा की." नर्स आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आली. उकळलेल्या फडक्यात लिंग गुंडाळलं, उजव्या मुठीत दिलं आणि वरून पट्टी बांधली. महानंदाला आत नेलं तेव्हा ती त्या मुठीकडंच बघत होती.

ऑपरेशन झाल्यावर शांतलिंगनं तिला पाहिलं. चेहरा हळदीसारखा पिवळा, ओठ कोरडे, छातीभर पट्ट्या आणि पट्ट्यांतून झिरपणारं रक्त. त्यानं हाक मारली, तिनं डोळे उघडले नाहीत. औषधाच्या गुंगीत आहे असं नर्सनं सांगितलं, पण त्याच्या मनात ते शिरलं नाही. लेकरं घरी, बाजार बुडत होते. दोन दिवसांनी तो परत निघाला. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "काय खरं दिसत न्हाय."

होळीच्या सुमारास जखम चिघळली. ताप उतरेना. बार्शीचा एक ओळखीचा व्यापारी दवाखान्यात आला होता, त्याच्याकरवी लक्ष्मम्मानं घरी निरोप दिला की अजून लई दिवस लागतील, ताप हाय. तो निरोप गावात पोचेपर्यंत त्याचं 'बाई वाचत नाही' असं झालं होतं.

इकडं मात्र ताप उतरला. जखम हळूहळू भरत गेली. पट्टी पूर्ण सुटली त्या दिवशी महानंदानं पहिल्यांदा खाली पाहिलं. फासळीवर ताणून बसवल्यासारखी कातडी, आणि काखेपर्यंत गेलेली टाक्यांची वेडीवाकडी रेघ. तिनं लक्ष्मम्माचा दंड धरला आणि तोंडात पदर कोंबला. उजवीकडचं दूधही केव्हाच आटून गेलं होतं.

"वन्सं, आता म्या कशी दिसंन हो?"

लक्ष्मम्मा म्हणाली, "म्या चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं. आरशात बघायचं सोडलं की हळूहळू सवय हुते."

डावा हात वर जाईना. नर्स रोज तिला भिंतीपुढं उभी करायची आणि बोटांनी भिंत चढायला लावायची. काखेत सुरी फिरल्यासारखी कळ यायची. आदल्या दिवशीपेक्षा बोटभर वर गेलं तर नर्स तिथं खडूनं खूण करायची. मग गाठ परत येऊ नये म्हणून विजेचे शेक सुरू झाले. कातडी काळी पडली, अन्न पोटात ठरेना. शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडची एक लेकुरवाळी बाई होती, तिला हाच आजार. दोघी लेकरांबद्दल बोलत बसायच्या. एका सकाळी त्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. महानंदानं त्या दिवशी भिंत चढायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी आपण होऊन उठली.

जेठ लागला तेव्हा शांतलिंग न्यायला आला. डॉक्टरीणबाईंनी दर वर्षी येऊन दाखवायला सांगितलं. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेरच बघत होता. महानंदा लेकरांचं विचारत होती. भीमाशंकर चालतो का, नीलाला खोकला झाला होता तो गेला का. तो "व्हय", "बरं हाय" एवढंच बोलायचा. बार्शी मागं पडल्यावर लक्ष्मम्मानं विचारलं, "काय झालंय रं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वैशाखात लगीन झालं. मल्लम्मासंगं. आई म्हणाली, मुहूर्त गेला तर पुढं चातुर्मास. लेकरं हाल खात हुती. निरोपच तसा आला हुता."

डब्यात दुसरी माणसं होती. लक्ष्मम्माचा आवाज तरीही चढला. "मेली न्हवती रं ती! म्या तिच्या उशाला बसले हुते. एकदा येऊन बघायचं तरी हुतंस!"

महानंदा डावा हात उजव्या हातात धरून बसली होती. येडशी आली तेव्हा म्हणाली, "म्या सांगितलं हुतं तुमाला. पर मेल्यावर म्हणून सांगितलं हुतं."

गाडी घरापुढं थांबली. उंबऱ्यात मल्लम्मा उभी होती, हिरवा चुडा, कपाळावर विभूती आणि खाली कुंकू, कडेवर भीमाशंकर. बहिणीला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. नीला धावत आली आणि महानंदाच्या मांड्यांना बिलगली. महानंदानं उजवा हात बाळापुढं केला. बाळानं तिच्याकडं अनोळखी नजरेनं पाहिलं, मान फिरवली आणि मल्लम्माच्या खांद्यात तोंड खुपसलं.

इरम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. तिच्या मनात पाप नव्हतं. नातवंडांना सख्खी मावशी आणली यात आपलं काही चुकलं असं तिला कधी वाटलंच नाही. पण महानंदासाठी तिनं ताट-तांब्या वेगळा ठेवला, आणि अंथरूण लक्ष्मम्माशेजारी घातलं.

घरात तिला कुणी टाकून बोललं नाही. त्याहून वाईट असं की तिला कुणी धरूनच चाललं नाही. पुढच्या सालचं लोणचं, नीलाचं नाक टोचणं, गोठ्याचं छप्पर, सगळं बोलणं इरम्मा, मल्लम्मा आणि शांतलिंग यांच्यात व्हायचं. ती समोर बसलेली असली तरी. येणाऱ्या बायका तिच्याकडं बघून चुकचुकायच्या आणि दबक्या आवाजात विचारायच्या, "कितीक दिस सांगितलेत?" भीमाशंकर बोलायला लागला तो मल्लम्माला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागला. मल्लम्मा तिला अक्का म्हणायची, तेच ऐकून तोही तिला अक्काच म्हणायचा. पहिल्यांदा त्यानं तशी हाक मारली तेव्हा महानंदा दळण निवडत होती. ती "ओ" म्हणाली.

एकदा नदीवर धुणं धुताना दोघी बहिणीच होत्या. महानंदाला डाव्या हातानं पिळता येत नव्हतं. मल्लम्मानं तिच्या हातातलं लुगडं घेतलं आणि एकदम रडायला लागली.

"अक्का, तू मरणार म्हणून मला दिलं. अप्पांनी इचारलंबी न्हाय. आता तू हाईस, तर म्या काय करू? कुटं जाऊ?"

महानंदाच्या मनात काय काय येऊन गेलं. आपल्या जागेवर बसलेली ही, आपलं लेकरू हिच्या कडेवर. पण समोर सोळा वर्षांची पोर होती, आणि तिचं नाव आपल्याच तोंडून निघालं होतं.

"कुटं जाणार? ऱ्हा," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. "पर म्या मरणार म्हणून वाट बघू नकोस."

"न्हाय बघत, अक्का. शपथ."

"मग लुगडं पीळ."

अठ्ठेचाळीस साली रझाकारांची दहशत वाढली. आसपासची गावं रिकामी व्हायला लागली, तेव्हा शांतलिंगनंही घराला कुलूप लावलं आणि सगळ्यांना गाडीत घालून हद्द ओलांडली. दुसरं कुठं जाणार? अक्कलकोटकडं सासुरवाडीलाच. तिथं महानंदाला तिचा बाप नागप्पा मल्लम्माच्या लग्नानंतर पहिल्यांदाच भेटला. म्हातारा तिच्याकडं बघायला धजत नव्हता.

"समदे म्हणत हुते, तू न्हाईस ऱ्हात म्हणून," तो कसंबसं म्हणाला.

"मिरजंची गाडी तुमच्या गावापासनं लांब न्हवती, अप्पा. बघून जायचं हुतं."

तिथल्याच गोठ्याशेजारच्या खोलीत मल्लम्मा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण अडलेलं. मल्लम्मा किंचाळत होती आणि महानंदाचाच हात मागत होती. महानंदानं उजवा हात दिला. मल्लम्मा चुकून डावा धरायची, ऑपरेशनपासून सुजलेला, आणि पिळवटायची. महानंदानं तोही सोडवून घेतला नाही. पुढं बाळाला अंगावर पाजायची वेळ आली तेव्हा मात्र ती उठून बाहेर गेली. तेवढं तिला बघवलं नाही.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. सगळे गावी परतले. घराचं कुलूप फोडलेलं होतं, गठ्ठे गेले होते, पण भिंती उभ्या होत्या. शांतलिंगला बाजार पुन्हा पहिल्यापासून धरावा लागला. महानंदा म्हणाली, "म्या येते गाडीवर." इरम्मानं तोंड वाकडं केलं. महानंदा पुढं म्हणाली, "जात्यावर माझा हात चालत न्हाय. गजानं कापड मोजायला एक हात पुरतोय." ती गेली. बायकांना तिच्याकडून खण घ्यायला बरं वाटायचं. कोणता रंग कशावर खुलतो ते ती चटकन सांगायची. चोळीच्या डाव्या अंगात तिनं पिंजलेला कापूस भरून शिवला होता. कळणाऱ्याला कळायचं.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याच्या बाजारात एक बाई आली. तिशीच्या आतली, कडेवर तान्हं. खण उलटेपालटे केले आणि घेतला एकही नाही. गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाली, "तूच न्हवं का ती? मिरजंहून परत आलेली?"

महानंदानं तिला गाडीमागं नेलं. हात घातला. बोटांना तसंच टणक लागलं. "कवापासनं?"

"बारशाच्या आधीपासनं. लई दुखतं का गं?"

"दुखतं. खोटं सांगत न्हाय. हात कायमचा आखडतोय. छातीकडं बघवत न्हाय. पर म्या तीन सालं झाली जिती हाय."

बाईनं बाळाचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, "मालक सोडायचे न्हाईत. सासू म्हणती, जगायची न्हाय तर पैसा कशाला. आन म्या तिकडं असताना हितं दुसरी आणली तर?"

थोड्या अंतरावर शांतलिंग गठ्ठा बांधत होता. त्याचे हात थांबले होते.

"आणली तर आणली," महानंदा म्हणाली. "तरी जा."

बाई निघून गेली. परतीच्या वाटेवर महानंदानं विचारलं, "तिचं गाव ठावं हाय का तुमाला?"

"हाय."

"तिच्या मालकाला जाऊन भेटा. बाईचं ऐकणार न्हाय त्यो."

शांतलिंगनं बैलांच्या शेपट्या पिळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालून तो निघाला आणि दिवस मावळताना परत आला. त्या माणसाशी काय बोलला, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि महानंदानं विचारलं नाही. पाय धुताना एवढंच म्हणाला, "गुरुवारी येडशीला येतेत. तुझं दाखवायचं ऱ्हायलंय न्हवं दोन सालापासनं? तूबी चल. म्याबी येतो."

गुरुवारी स्टेशनात ती बाई आणि तिचा नवरा आधीच येऊन बसले होते. नवरा शांतलिंगशी बोलत होता, बाळ त्याच्या मांडीवर झोपलं होतं. गाडी आली. महानंदा वर चढली, आणि खाली वाकून त्या बाईला उजवा हात दिला.